दुकान वाढवताना

आमच्या सुनेचं नाव आयला. यात तिचा काही दोष नाही. स्कॉटलंडमध्ये ते चांगलं घरंदाज नाव आहे, एका बेटावरून ठेवतात म्हणे. पण फलटणच्या पेठेत, भर दुकानात, फोन तोंडाशी धरून "आयला, जेवलीस का?" असं विचारणारी सासू कशी दिसत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पहिल्यांदा केळीवाला हातगाडी थांबवून बघत राहिला. दुसऱ्यांदा शेजारचे चष्मेवाले दोशी बाहेर आले. तिसऱ्यांदा माझ्या बायकोनं, कालिंदीनं, स्वतःच्या अधिकारात सुनेचं पुन्हा बारसं केलं आणि तिला इला करून टाकलं. सुनेलाही ते आवडलं. तेव्हापासून ती इला.

मी मधुसूदन रासने. एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात माझी उभी नोकरी गेली. शेवटी शेवटी तिथं यंत्र आलं. त्यातल्या बाईचा घसा कधी बसत नाही आणि ती कधी चहालाही जात नाही. तेव्हापासून बोलणाऱ्या यंत्रांशी माझं वाकडं आहे. म्हणून ही हकिगत मीच सांगतोय याचं माझं मलाच नवल वाटतं.

आम्ही जातीनं कासार. बांगड्यांचं दुकान माझ्या वडिलांचं, पण चालवलं कालिंदीनं. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, तिच्या माहेरची चौकशी करायची, बोलता बोलता अंगठ्याखालचा भाग असा दाबायचा, की अडकलेली बांगडी मनगटावर उतरलेली तिलाच कळत नाही. मला हे कधी जमलं नाही. माझ्या हातून बायका ओरडायच्या, म्हणून मला गल्ल्यावर बसवलं होतं.

निरंजन, आमचा एकुलता एक, ॲबरडीनला असतो. गेल्या दिवाळीत त्यानं कळवलं की इलाला दिवस गेलेत आणि आता तुम्ही दोघं कायमचे इकडेच या. कालिंदी लगेच हो म्हणाली. नातवंडापुढं दुकानाचं काय एवढं, असंही म्हणाली. दोशींना चष्म्यांसाठी जागा हवीच होती. गुढीपाडवा झाला की किल्ली त्यांच्या हातात द्यायची, असं ठरलं.

"नक्की ना?" मी विचारलं होतं.

"नक्की म्हणजे नक्की," ती म्हणाली, आणि सकाळीच पुसलेले बांगड्यांचे खोके पुन्हा पुसायला घेतले.

आता राहिला प्रश्न इंग्रजीचा. आमच्या जुन्या फोनवर इला बोलली की खाली मराठी अक्षरं उमटायची. कालिंदी बोलली की तिकडे इंग्रजी उमटायची. त्यावर वर्षभर भागलं होतं. पण कायमचं जायचं म्हटल्यावर कालिंदी ऐकेना.

"जन्मभर फोन तोंडापुढं धरून बसू का? उद्या पोरीला कळा सुरू झाल्या तर आधी फोन चार्जिंगला लावू? ते काही नाही. मी बोलायला शिकणार."

"या वयात?"

"तुम्ही गप बसा. तुम्हाला मराठीतसुद्धा कमीच बोलायला सांगते मी."

तिला घेऊन मी स्टँडसमोरच्या भाषा शिकवणाऱ्या केंद्रात गेलो. नाझनीन मुजावर तिथली इंजिनिअर. तिच्या लग्नाचा चुडा कालिंदीनंच भरला होता. तिनं आमच्यापुढं बोटाच्या पेराएवढी एक पातळ पट्टी ठेवली. तिचं नाव बोलपट्टी.

"काका, एखादं काम हातचा मळ आहे असं म्हणता, तेव्हा हात आठवतो का तुम्हाला? मळ आठवतो?"

"छे."

"बरोबर. कारण मेंदू ते शब्द एकेक जोडत बसत नाही. अख्खा वाक्प्रचार एकाच कप्प्यात ठेवलेला असतो, वेळ आली की तसाच बाहेर येतो. शाळेत आपण इंग्रजीचे सुटे शब्द पाठ करतो. ते परीक्षेत लिहिता येतात, पण बोलायची वेळ आली की गोळा होत नाहीत. ही पट्टी सुटे शब्द शिकवतच नाही. अख्खी बोलणीच शिकवते."

मग तिनं सगळं नीट समजावलं. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात आणि दिवसभरात ऐकलेलं, केलेलं मेंदू त्या लाटांवर पुन्हा घोळवतो. जे घोळलं जातं ते टिकतं. कानामागं लावलेली पट्टी लाट ओळखते आणि नेमकी ती वर चढताना इंग्रजी बोल कुजबुजते, इतक्या हळू की झोप मोडत नाही. आठवडाभरात तो बोल आपलाच असल्यासारखा जिभेवर येतो.

"पण कोणता बोल कुठं शिकवायचा, हे तिला कसं कळणार?" कालिंदीनं विचारलं.

"त्यासाठी दिवसा ती तुमचं मराठी ऐकते, काकू. नुसते शब्द ऐकून भागत नाही. 'वा, छान केलंस!' हे शाबासकीनंही म्हणतो आणि कप फोडल्यावरही म्हणतो. म्हणून पट्टी तुमची नाडी बघते, कातडीवरचा घाम बघते, घशातला ताण बघते. शब्द आणि भाव दोन्ही जुळले की त्याच कप्प्यात शेजारी इंग्रजी बोल ठेवून देते."

मला हे सगळं संशयास्पद वाटलं. बायकोच्या मनातलं मला लग्नानंतर इतकी वर्षं कळलं नाही, ते कानामागच्या चिकटपट्टीला कळणार? पण कालिंदीनं ती तिथंच लावूनही टाकली.

पहिला दणका मला एकादशीला बसला. दुपारी ती दुकानातून घरी आली, पिशवी खाली टाकली आणि एरवी 'पोटात कावळे ओरडतायत' म्हणते त्या सुरात म्हणाली, "आय कुड ईट अ हॉर्स!"

"म्हणजे?"

तिनं क्षणभर विचार केला आणि तोंडावर हात ठेवला. "घोडासुद्धा खाईन, असं काहीतरी."

उपासाच्या दिवशी घोडा! मी धावत आत गेलो आणि साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली.

त्यानंतर रोजच काही ना काही निघू लागलं. दोशी रंगीत चष्म्याची एक फ्रेम दाखवायला आले, तर 'मला नाही रुचत' अशा अर्थानं ही म्हणाली, "नॉट माय कप ऑफ टी." दोशी बिचारे साखर जास्त झाली असेल म्हणून दुसरा चहा घेऊन आले. बांगड्या भरायला आलेल्या कॉलेजच्या मुली तर मुद्दाम तिला बोलतं करायच्या. पेठेत सगळ्यांना तिचं कौतुक. आणि तिला तर इतका आनंद झालेला, की मी गल्ल्यावर बसून नुसता तिच्याकडे बघत राहायचो.

खरी मजा दुपारच्या फोनवर यायची. आमच्या दुपारी तिकडे सकाळ असते. गिऱ्हाईक नसायचं, इला चहाचा मग घेऊन बसायची आणि दोघींचं सुरू व्हायचं. एकदा इलाची तपासणी चांगली निघाली तेव्हा कालिंदी मनावरचं ओझं उतरलं अशा अर्थाचं काही इंग्रजीत म्हणाली. इलानं विचारलं, मराठीत काय म्हणता? कालिंदीनं सांगितलं की आमच्यात जीव भांड्यात पडतो. इला इतकी हसली की निरंजन आतून धावत आला. त्यानंतर प्रत्येक तपासणीनंतर तिचा निरोप यायचा, 'माय लाइफ इज इन द पॉट.' एका सासूनं आणि एका सुनेनं मिळून स्वतःची एक भाषाच तयार केली होती, आणि हे माझ्या डोळ्यांदेखत बांगड्यांच्या दुकानात घडत होतं.

एवढं बोलायच्या दोघी, पण दुकानाचा विषय कालिंदी काढायची नाही. निरंजननं इलाला सांगून ठेवलं होतं की आई अगदी खुशीनं सगळं सोडून येतेय. तरी आपल्या तोंडानं सांगायला हवंच. पाडवा जवळ आल्यावर एका दुपारी तिनं पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाली, "इला, आफ्टर पाडवा, वी आर ग्रोइंग द शॉप. देन वी कम टू यू, फॉर बेबी."

मी तिच्या खांद्यावरून फोनकडे पाहिलं. खाली अक्षरं उमटली, 'पाडव्यानंतर आम्ही दुकान वाढवत आहोत. मग बाळासाठी तुमच्याकडे येतो.' बरोबर होतं. मी मान डोलावली.

तिकडे मात्र इला किंचाळली. मग हसली, मग डोळे पुसायला लागली. ती इतक्या भरभर बोलत होती की खालची अक्षरंही मागं पडली. शेवटी हवेत पापे देऊन तिनं फोन ठेवला.

"बघितलंत?" कालिंदी म्हणाली. "केवढा आनंद झाला पोरीला, आपण दुकान वाढवून येतोय म्हणून." ती हसत होती. मग उठली आणि खोके पुसायला लागली.

संध्याकाळी निरंजनचा मला फोन आला. आवाज चढलेला.

"बाबा, आई दुकान वाढवतेय?"

"हो, पाडव्याला. तुला माहीतच आहे की."

"मला कुणी सांगितलं? मला आज इलाकडून कळतंय!"

"अरे, तूच तर वाढवा म्हणून मागं लागलास!"

"मी? मी कशाला म्हणेन? आणि या वयात?"

"या वयात नाही तर कधी वाढवायचं मग? आम्ही गेल्यावर?"

त्यानं उसासा टाकला. "ठीक आहे, आईची एवढी इच्छा असेल तर मी मधे येणार नाही. इला तर माझं ऐकतच नाही. तिनं लगेच मला भोईटे मास्तरांना फोन करायला लावला. तुमच्या पलीकडचा त्यांचा गाळा रिकामाच आहे ना?"

"तो कशाला? दुकान वाढवायला पलीकडचा गाळा कशाला लागतोय?"

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं.

नेमक्या त्याच वेळी दोशी टेप घेऊन आत आले आणि कपाटांसाठी भिंत मोजू लागले. त्यांच्या मागोमाग भोईटे मास्तर हातात किल्ली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. "अभिनंदन, रासने! जोडगाळा करताय म्हणे!" दोशींच्या हातातली टेप सुर्रकन परत आत गेली.

आता हे कुणाला आणि कसं समजावायचं? आमच्यात दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत. अभद्र वाटतं. दुकान वाढवलं, असंच म्हणायचं. तसाच नारळ वाढवतात. बांगडीचं तर विचारूच नका. बांगडी फुटली असं कासाराच्या दुकानात कुणी म्हणून बघा. बांगडी वाढवते. मोडलं, संपलं, मिटलं, ते सगळं आम्ही वाढवतो. आणि दुकान खरोखर मोठं करायचं असलं तरी शब्द तोच, वाढवणं. पट्टीनं त्यातला दुसरा अर्थ उचलला, इलानं तो इंग्रजीत ऐकला, निरंजननं पुन्हा मराठीत आणला, आणि आम्ही बापलेक एकाच शब्दावर दोन दिशांना तोंड करून भांडत होतो.

कालिंदीला सांगितलं तेव्हा ती बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दोशींनी आणि मास्तरांनी पेढे खाल्ले आणि दोघंही नक्की काय ते उद्या कळवा म्हणून गेले. ते गेल्यावर ती हसायची थांबली.

"म्हणजे दुपारी पोरीला एवढा आनंद झाला तो मी कायमची येणार म्हणून नव्हताच," ती म्हणाली. "मी येणार नाही म्हणून झाला!"

तिला लागलं होतं. मी एक पेढा पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कालिंदीला घेऊन मी केंद्र गाठलं आणि नाझनीनला धारेवर धरलं. यंत्रानं आमच्या घरात आग लावली, पाडवा तोंडावर आलाय, वगैरे. तिनं शांतपणे कालिंदीची पट्टी आपल्या संगणकाला जोडली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काका, पट्टीला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. बंद करणंही आणि मोठं करणंही. दोन्ही नोंदलेले आहेत."

"मग चुकली कशी?"

"शब्दांवरून निकाल लागेना. काकू हा शब्द रोज संध्याकाळी म्हणतात, दोशींशी बोलताना म्हणतात, तुमच्याशी म्हणतात. तेव्हा तिनं भाव बघितला. माणूस काही संपवण्याबद्दल बोलतो तेव्हा साधारण घसा आवळतो, नाडी बदलते. काकू 'दुकान' म्हणतात तेव्हा तसं काहीच होत नाही. नाडी अशी असते, की जणू काही सुरू करायचं आहे. म्हणून तिनं तो बोल निवडला."

कालिंदीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे माझ्या मनात वेगळंच आहे, असं म्हणायचंय तुला?"

"नाही, काकू. मन यंत्राला कळत नाही. नाडी कळते. रोज संध्याकाळी काम आटोपून घरी जायचा आनंद असेल तोही. त्याचा अर्थ तुम्ही लावायचा." नाझनीन हसली. "हवं तर दुरुस्त करून देते. थोड्या दिवसांत योग्य बोल त्या जागी बसेल."

"नको," कालिंदी म्हणाली. "ठेव ती तुझ्याकडेच. एवढं एक वाक्य मी शाळेतल्यासारखं घोकून पाठ करीन."

नाझनीननं वाक्य सांगितलं. 'वी आर क्लोजिंग द शॉप फॉर गुड.' कायमचं बंद करतोय, असा त्याचा अर्थ. "त्यात गुड कशाला?" असं मी विचारलं, तर नाझनीन म्हणाली की इंग्रजीत तसंच आहे. आमचा वाढवणं जसा, तसा त्यांचा तो गुड.

दुपारपर्यंत कालिंदी ते वाक्य घोकत होती. निंभोऱ्याची एक नवी नवरी चुडा भरायला आली होती, सोबत तिची आत्या. कालिंदीनं मुलीचा हात हातात घेतला, पण आज माहेरची चौकशी नाही. नुसतं पुटपुटणं चाललेलं. वी आर क्लोजिंग, वी आर क्लोजिंग.

"काकी, मंत्र म्हणताय का?" मुलीनं भीत भीत विचारलं.

आत्या हसली. "अगं, हात चांगलाय त्यांचा. माझाबी चुडा ह्यांनीच भरला व्हता. डोहाळजेवणाला बी हितंच आणायची तुला." मग कालिंदीकडे वळून म्हणाली, "आसाल नव्हं तवा?"

कालिंदीनं मुलीचा हात दाबला आणि हिरवी बांगडी मनगटावर उतरली. मुलगी दुसरीकडेच बघत होती, तिला कळलंही नाही. कालिंदी मात्र त्या हाताकडे बघत राहिली, सोडेचना. मला इतकं भरून आलं की मी गल्ल्यातली चिल्लर विनाकारण मोजायला घेतली.

मग फोनची वेळ झाली. मी दाराचा पडदा ओढला. इलाचा चेहरा दिसला आणि कालिंदी काही म्हणायच्या आत तीच बोलायला लागली. आज सावकाश बोलत होती, एकेक वाक्य ठेवून. खाली अक्षरं उमटत होती आणि मी वाचत होतो.

तिच्या आईची गावात छोटी बेकरी होती. इला जन्मली तेव्हा तिनं ती बंद केली. कुणी तिला बंद कर म्हणालं नव्हतं आणि कुणी नको म्हणूनही सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत पहाटे उठायची आणि काय करावं हे न कळून स्वयंपाकघरात उभी राहायची. "तुम्ही सगळं सोडून येताय असं निरंजननं सांगितलं तेव्हापासून मला झोप नव्हती," इला म्हणाली. "माझ्यामुळे आणखी एक दुकान जाणार होतं. तुम्ही मला हव्या आहात. खूप हव्या आहात. पण काल तुम्ही ते वाक्य बोललात, तेव्हा तुमचा चेहरा कसा दिसत होता, तुम्हाला माहीत आहे?"

कालिंदीनं नकळत आपल्या गालाला हात लावला.

"निरंजन म्हणतो, बोलताना चूक झाली," इलानं विचारलं. "झाली का चूक?"

घोकलेलं वाक्य कालिंदीच्या तोंडात तयार होतं. ओठ 'वी' म्हणायला पुढं आलेलेही मी पाहिले. मग तिनं ते मिटले, मान हलवली आणि म्हणाली, "नो, इला. आय मेंट एव्हरी वर्ड."

खाली अक्षरं उमटली, 'नाही, इला. माझा प्रत्येक शब्दाचा अर्थ होता.' मला त्यातून काही उमगलं नाही. इलाला मात्र उमगलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मानेनंच हो हो म्हणत राहिली. मग कालिंदी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला दटावू लागली. बाळंतपणाला मी येणारच, सव्वा महिना तुला पाण्यात हात घालू देणार नाही, डिंकाचे लाडू मुकाट्यानं खायचे, आणि मग मी परत माझ्या दुकानात. पुढच्या वर्षी बाळाला घेऊन तुम्ही यायचं. यातलं अर्धं मराठीच होतं. इला सगळ्याला येस म्हणत होती आणि रडत होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ते काय म्हणालीस? अर्थाचं काहीतरी?"

"जे बोलले ते मनापासून बोलले, असं."

"हे पट्टीनं कधी शिकवलं?"

"पट्टीनं नाही शिकवलं." ती जराशी चकित होऊन म्हणाली. "आय, मेंट, एव्हरी, वर्ड. सुटे सुटे माहीत होते. एकत्र आजच आले."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि यातलं काहीही लपवावंसं वाटत नव्हतं. तिनं उठून पडदा सरकवला. बाहेर पायरीवर एकीकडे दोशी उभे होते, दुसरीकडे भोईटे मास्तर.

"जा," ती मला म्हणाली. "त्यांना सांगा आपण दुकान वाढवतोय. आणि नीट समजावून सांगा."

मी बाहेर गेलो आणि मास्तरांच्या हातातली किल्ली घेतली.